हात न लावलेली ओळ

मित्रांनो, कपाटाच्या तळाशी पडलेली निळ्या पुठ्ठ्याची जुनी फाईल आहे मी. माझा एक कोपरा करपलेला आहे. ते पुढे सांगते.

मला या घरात विमाकाकांनी आणले. घराचा आणि गाडीचा विमा तेच उतरवत. घर शिवणकाम करणाऱ्या ताईंचे. गाडी त्यांच्या मुलाची. दरवर्षी हप्ता भरण्याआधी काका घरभर फिरत, वायरी बघत, गाडीचे किलोमीटर टिपून घेत आणि चहा संपेपर्यंत हप्त्याला कात्री लावत. "ताई, गाडी महिन्यातून चारदा निघते, रोजच्या वापराचे पैसे कशाला? घर आणि गाडी एकाच कंपनीकडे ठेवू, सूट मिळेल." त्या बचतीतून ताईंनी दुसरे मशीन घेतले. तेव्हा माझे केवढे कौतुक झाले! मला कापडी कव्हर शिवले गेले.

एका ओळीला मात्र काका हात लावू देत नसत. 'घरात शिवणकाम चालते.' तिचे थोडे जास्त पैसे पडत. मुलगा कुरकुरला की म्हणत, "कुठे वाचवायचं नाही, हे सांगायलाच मी येतो."

पुढे काकांचे गुडघे गेले. मुलाने फोनवरच दोन मिनिटांत विमा उतरवला. 'घरात व्यवसाय चालतो का?' या प्रश्नावर त्याने 'नाही' दाबले.

"बघ आई, काका तुला टोपी घालत होते."

"अरे, पण माझी मशिनं?"

"दोन मशिनं म्हणजे काय कारखाना झाला?"

त्यानंतर मला कोणी उघडले नाही.

एका दुपारी इस्त्रीची वायर पेटली. दोन्ही मशिने, गिऱ्हाइकांचे कपडे, छप्पर, सगळे गेले. माझा कोपराच तेवढा गेला. कंपनीचा माणूस आला, मशिनांचे सांगाडे मोजले आणि आठवड्याने पत्र आले: दावा नामंजूर.

काका काठी टेकत आले. त्यांनी मला उघडले, जुन्या कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवले.

"काही करता येईल का हो, काका?" ताईंनी विचारले.

"आता नुसतं वाचता येईल, ताई."

ताई आता दुसऱ्याच्या दुकानात रोजंदारीवर शिवतात.

मित्रांनो, घरात जे चालते ते खरे लिहा आणि माझ्यासारखीला वर्षातून एकदा तरी उघडा. हे सांगणे माझे काम. या घराला आता त्याचा उपयोग नाही.

छपरासाठी मुलाने गाडी विकली. तिचा हप्ता आता भरावा लागत नाही. तेवढी बचत झाली.