चौथ्या पायाची टाच

नवा कॉम्प्युटर आवाजच करत नव्हता आणि जोडेवालीला पहिला राग त्याचाच होता. जे यंत्र काम करतं ते कुरकुरतं, तापतं, त्याचा वास येतो. हे मेलं लग्नातल्या जावयासारखं टेबलावर बसून होतं.

जुना डबा सकाळीच गेला. सोळा वर्षं तो या खोलीत, चामड्याच्या गुंडाळ्या आणि पायाच्या आकाराच्या लाकडी कलबुतांच्या गर्दीत राहिला. चालू करायचा तर बटण दाबून सातपर्यंत मोजायचं आणि उजव्या कानशिलात एक ठेवून द्यायची. मग तो खोकायचा, घरघरायचा आणि कामाला लागायचा. त्याच्या चार रबरी पायांपैकी एक तुटून कुठेतरी हरवला होता, त्यामुळे तो डुगडुगायचा. जोडेवालीनं त्याला तळव्याच्या जाड चामड्याची टाच करून चिकटवली. दुहेरी टाका, कडा मेणानं घासलेल्या. जिचं अर्धं आयुष्य लोकांचे आखूड पाय लांब करण्यात गेलं, तिच्या घरात कुणी लंगडं उभं राहतंय होय?

धंदाच तिचा तो होता. बाजारातला जोडा ज्यांच्या पायात जात नाही, त्यांचे जोडे शिवायचे. मुडपलेला पाय, बोटं नसलेला पाय, एक लांब एक आखूड. माप घ्यायला दहा मिनिटं लागतात हो, पण मापानं जोडा होत नाही. पहिला जोडा चावतो, दुसरा घसरतो, तिसऱ्यानं कंबर धरते. पाचव्या-सहाव्या खेपेला माणूस चार पावलं टाकतो आणि पायाकडे बघायचं विसरतो. त्या खेपेचा आराखडा डब्यात जायचा. दोनशे बारा माणसं, चारशे तेवीस पाय. एकाला एकच होता, म्हणून तेवीस.

तिचा धाकटा भाऊ कॉम्प्युटरच्या दुकानात विक्रीला होता. घरात सगळे त्याला इंजिनियर म्हणायचे, कारण तो तसं म्हणवून घ्यायचा. जुना द्या, नवा घ्या, अशी दुकानाची योजना निघाली आणि त्यानं ताईचं डोकं महिनाभर खाल्लं. शेवटी ती ‘घे बाबा, ने’ म्हणाली.

आदल्या संध्याकाळी तो म्हणाला होता, "ताई, आतलं सगळं मी काढून देतो."

"तू हात लावायचा नाहीस. सोळा वर्षं माझी आहेत, तुझ्या दुकानाची नाहीत."

पडद्यावर एकेका पायाचं एकेक छोटं चित्र होतं, खाली माणसाची ओळख: शिंपीण उजवा, पोस्टमन डावा. तिनं सगळी चित्रं एका फटक्यात धरली आणि पेनड्राइव्हमध्ये नेऊन टाकली. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं. तिला वाटलं, आपण हुशार.

"सगळं आलं ना? मी एकदा बघू?"

"मला डोळे आहेत."

इंजिनियरनं हात मागे घेतला. तो बहिणीला लहानपणापासून टरकून होता. असली टरकणारी माणसं वेळेवर हात देत नाहीत, नंतर मात्र ‘मला वाटलंच होतं’ म्हणायला पुढे असतात.

आता दुपारचे दोन वाजून गेले होते आणि तिच्यासमोर स्टुलावर पोस्टमन बसला होता. साठीला टेकलेला माणूस, डावा पाय दोन बोटं आखूड. त्याच्या जोड्याचा तळ फाटून तोंड वासून होता, वरून सुतळी बांधलेली. दोन दिवसांची रजा टाकून तो आला होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा खांद्याला पिशवी आणि गल्ल्यागल्ल्यांतले जिने.

"बसा काका, आत्ता कागद काढते," म्हणत तिनं पेनड्राइव्हमधून नव्या पडद्यावर आणलेल्या ‘पोस्टमन डावा’वर बोट दाबलं.

नव्या कॉम्प्युटरनं अगदी सभ्य शब्दांत कळवलं की अशी वस्तू सापडत नाही.

तिनं उजवा दाबला. नाही. शिंपीण दाबली. नाही. एकामागून एक चाळीस पाय दाबले. मग फोन उचलला.

"ताई, तू फक्त ती चित्रं घेतलीस?" पलीकडे इंजिनियरचा आवाज बारीक झाला. "अगं, चित्र म्हणजे फाईल नसते. फाईल कुठे ठेवलीय, एवढंच त्या चित्राला माहीत असतं. मला वाटलंच होतं..."

"तुला वाटलं होतं तर तोंडात काय गूळ धरला होतास? डबा कुठाय?"

"मागच्या खोलीत. चार वाजता गाडी येते, सगळे चिरडायला नेतात."

पोस्टमन सगळं ऐकत होता. "म्हणजे पाकीट तिकडंच राहिलं आणि तू नुसता पत्ता उचलून आणलास," तो म्हणाला.

"काका, मस्करी नको."

"मस्करी कसली? पाय मी सोबतच आणलाय. घे माप परत."

"माप घेईन हो. पण मागच्या वेळी पाचव्या जोड्यापर्यंत तुमच्या घोट्यातून रक्त यायचं, आठवतं का? ते पाच जोडे पुन्हा घालाल?"

पोस्टमननं सुतळी आवळली आणि उठला. "चल. पत्ते शोधायचा पगार घेतो मी."

रस्ता वीस मिनिटांचा होता. तिला धावायचं होतं आणि शेजारी हा फाटका जोडा फटफटत चालला होता. ती दहा पावलं पुढे जायची, थांबायची, चरफडायची. तो म्हणायचा, "तू हो पुढं." ती म्हणायची, "गप चला." सगळा वेळ ती स्वतःला शिव्या घालत होती. घरच्या यंत्राला टाच शिवलीस, त्याच्या पोटात काय कुठे आहे हे सोळा वर्षांत एकदा विचारलं नाहीस. का? तर भावाला विचारायला कमीपणा वाटतो.

दुकानाच्या मागच्या खोलीत तीसेक डबे एकावर एक रचले होते. सगळे करडे, सगळे धुळकट. मालक दारातच आडवा आला. त्याच्या मागे इंजिनियर, मान खाली.

"मॅडम, जमा झालेला माल परत मिळत नाही. आणि यातला तुमचा कुठला, हे कशावरून?"

जोडेवाली गुडघ्यावर बसली आणि डब्यांच्या तळाखालून हात फिरवत गेली. रबर, रबर, रबर. तिसऱ्या रांगेत बोटांना चामडं लागलं.

"हा."

"असं कुणीही म्हणेल."

पोस्टमननं भिंतीला हात टेकला, डावा पाय वर केला आणि जोड्याची टाच मालकाच्या नाकासमोर धरली. "बघा. तोच दुहेरी टाका, तीच कड. आमचा बूट बनवणारी एकच आहे, माझा आणि त्या डब्याचा."

मालकानं डब्याखाली वाकून पाहिलं, मग टाचेकडे. त्याला हसू आवरेना. "डबा नेलात तर नवा परत करावा लागेल."

"ताई, डबा नकोच," इंजिनियर मान वर करून म्हणाला. "सगळं आतल्या डिस्कमध्ये असतं. तेवढी घे. शेठ, ती देऊ द्या, माझ्या पगारातून कापा."

"काल मला चित्रातही सगळं दिसलं होतं," ती म्हणाली. "इथंच उघडून दाखव."

त्यानं चार स्क्रू काढले, तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा बाहेर ओढला, दुकानातल्या मशीनला जोडला. पडद्यावर नावं उतरत गेली. पोस्टमन डावा उघडला. घोट्याजवळचा तो बाक, टाचेखालची उंची, सगळं जागच्या जागी. चारशे तेवीस आहेत का हे तिनं स्वतः मोजलं. बाहेर गाडीचा भोंगा वाजला तरी मोजत राहिली.

निघताना तिनं पिशवीतली रापी काढली आणि डब्याखालची टाच कापून घेतली. टाच नसलेला डबा एका बाजूला कलला. ती मागे वळून न बघता निघाली.

घरी इंजिनियरनं सगळे पाय नव्या कॉम्प्युटरमध्ये उतरवले आणि सवयीनं पडद्यावर चित्रं मांडू लागला.

"चित्रं काढून टाक. जिथं ठेवलंयस ती जागा दाखव. परत दाखव. आता बंद कर, मी उघडते."

"ताई, काका ताटकळलेत."

"ताटकळू देत."

"बसलोय मी," पोस्टमन म्हणाला. "जोडा काढून बसलोय."

तिनं बटण दाबलं आणि मोजायला लागली. तीनलाच पडदा उजळला. ती सातपर्यंत मोजून थांबली, मगच भावानं दाखवलेल्या जागी जाऊन पाय उघडला आणि कागद काढला. मग टेप घेऊन पोस्टमनसमोर खाली बसली.

"आता माप कशाला? सापडला ना?"

"सात वर्षांपूर्वीचा सापडलाय. हलू नका."

घोट्याजवळ तीन मिलिमीटर वाढले होते. ती एक सणसणीत शिवी हासडून कागदावर पेन्सिलीनं रेघ बदलायला बसली.