सदऱ्याचं पाणी

"अगं, घरचे नमुने इथे तपासतेस? साहेबांना कळलं तर?" प्रयोगशाळेतल्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण कुजबुजली.

"त्यांना विचारूनच आणलेत," ती हात न थांबवता म्हणाली.

तिच्यासमोरच्या बाटल्यांतल्या लाल द्रावणात सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण होते. पाण्यात शिसं असलं की ते कण एकमेकांना चिकटतात आणि लाल रंग निळा होतो. एरवी ती लोकांच्या विहिरी तपासायची. आज पोटच्या पोराचा प्रश्न होता. चार वर्षांचं पोर पोट धरून बसायचं, आणि रक्तात शिसं निघालं होतं. ते येतंय कुठून हे शोधा, नाहीतर औषध देऊन उपयोग नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

नळाचं पाणी घातलं, तरी द्रावण लालच राहिलं. खेळणी धुतलेलं पाणी घातलं, तरीही लाल. सुटलो म्हणावं, तर चोर अजून घरातच होता. शेवटी तिने सासऱ्यांचा सदरा भिजवलेलं पाणी घातलं आणि बाटली बघता बघता निळी झाली. तिने पुन्हा करून पाहिलं, पुन्हा निळीच.

सासरे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. त्याच कमाईवर त्यांनी सुनेला शिकवलं होतं, तेव्हा सगळ्या भावकीने त्यांना वेड्यात काढलं होतं. आता त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

संध्याकाळी ती थेट त्यांच्या दुकानात गेली.

"काय सूनबाई, पाळतीवर आलीस? दोनच चहा झालेत, शपथ."

तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. सासऱ्यांनी हातातला हातोडा खाली ठेवला.

"म्हणजे मीच."

"तुम्ही नाही हो बाबा. कपड्यांवरची धूळ."

"धूळ काय स्वतःच्या पायांनी चालत आली?"

दुकान बंद करून दोघं घरी आले. दार उघडताच पोर "आजोबा!" म्हणत धावत आलं. सासऱ्यांनी झटकन दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"सूनबाई, धर त्याला."

पण तिला पाऊलच उचलवेना. पोराला वाटलं, आजोबांनी मागे खाऊ लपवलाय. कितीतरी दिवसांनी ते खिदळलं. "दाखवा ना, काय आणलंय?" म्हणत ते त्यांच्याभोवती फिरू लागलं, आणि सासरे भिंतीला पाठ घासत मागे मागे सरकत राहिले.