सिरीहचं मागणं

सिरीह म्हणतात मला इथे, दूर समुद्रापलीकडे, रिआउच्या किनाऱ्यावर. तुमच्याकडे नागवेल म्हणून हाक मारलीत, तरी मी ओ देईन.

कलसोम नावाच्या विधवा बाईने परसात माझं कांडं रोवलं. मी वाढले, आणि आधार शोधत थेट कुंपणापलीकडे गेले. तिथे होड्या बांधणाऱ्या देरामानचं सुपारीचं झाड होतं. मी त्यालाच बिलगले. झालं, रोजची कटकट सुरू!

"अहो देरामान, पानं माझी आहेत!"

"मग झाडावर चढा अन् घेऊन जा!"

देरामानची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो दिवसभर कुणाशी बोलायचा नाही; भांडायचा मात्र चवीनं.

एका सकाळी तो कोयता घेऊन आला. माझी तर पाचावर धारण बसली. कलसोम पिठाच्या हातांनीच धावली.

"खबरदार तिला हात लावाल तर!"

"बाई, झावळी पडलीय तिच्यावर. मोडेल ना ती!"

त्याने वाळकी झावळी अलगद तोडून बाजूला केली. कलसोमने पिठाचे हात झटकले. आत जाऊन तिने केळ्याची गरम भजी आणली आणि कुंपणावरून त्याच्या हाती दिली. त्या दिवशी भांडण झालंच नाही. दोघांनाही चुकल्याचुकल्यासारखं वाटलं असावं.

पुढच्याच आठवड्यात देरामानची थोरली बहीण रोगाया नटूनथटून कलसोमकडे आली. हातात पानाचा पितळी डबा. आमच्याकडे मागणी घालायची तर बोलणं माझ्यापासूनच सुरू होतं. देरामान बाहेर पायरीशी उगाच चपला सरळ करत उभा.

कलसोमने डबा उघडला, पान उलटसुलट करून पाहिलं.

"ही तर माझ्याच वेलीची पानं! चोरीचा माल घेऊन मागणी घालता?"

रोगाया खळखळून हसली. "अगं, वेल तुझी, झाड त्याचं. त्यांचं केव्हाच जमलंय. तुमचंच अडलंय!"

बाहेर चपलांचा आवाज थांबला. माझा तर देठ न् देठ ताठ झाला.

कलसोमने पानाला चुना लावला, सुपारी ठेवली, विडा तोंडात घातला. सावकाश चावला. मग ओठ लाल करून म्हणाली, "त्यांना म्हणावं, आत या. उन्हात किती वेळ उभे राहणार?"

आता मी जून झालेय. हल्लीची पोरं मला चघळत नाहीत; पण पुस्तकाचं बोलणं जिथे सुरू होतं, त्या प्रस्तावनेला इथे अजून 'चुना लावलेलं सिरीह' म्हणतात. तेवढ्यावर माझं भागतं. तुम्हाला एकच सांगते: कुणाच्या दारी मनातलं मागायला निघालात, तर माझं एक पान सोबत न्या. पहिला शब्द जड जातो हो माणसांना.