वामनचे डोळे

हैदराबादच्या परिषदेत नलिनीच्या कामाला जागा मिळाली, पण भाषणाची नाही. विभागप्रमुखांनी तिला बोलावून सांगितलं, पोस्टर करायचं आहे. चौऱ्याऐंशी साली हा प्रकार नवीनच होता, आणि त्यांच्या कॉलेजात तर कुणीच केला नव्हता. सगळं संशोधन एका मोठ्या कागदावर मांडायचं, फळ्यावर टाचायचं आणि शेजारी उभं राहायचं. लोक उभ्याउभ्या वाचतात, तेव्हा मजकूर कमी ठेवा आणि मधोमध एक चांगला फोटो लावा, असं ते म्हणाले.

डॉ. नलिनी देवतळे हिंगणघाट तालुक्यातल्या गावांत सिकलसेलच्या मुलांची पाहणी करत होती. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लहान मुलांचे हातपाय सुजतात, डोळे पिवळे पडतात आणि साधा तापसुद्धा जिवावर बेततो. फोटो तिच्याकडे होता. वडनेरचा तीन वर्षांचा वामन बाजेवर बसला होता आणि सुजलेले दोन्ही हात त्याने पुढे धरले होते.

कॉलेजचे आर्टिस्ट प्रभाकरराव कामाला लागले. पेन्सिलीच्या रेघा, स्टेन्सिलची अक्षरं, रंगीत कागद कापून केलेले आलेखाचे खांब. नलिनीने आधी भला मोठा मजकूर दिला होता. तो त्यांनी परत केला. मग दोघं रोज बसून त्यातली वाक्यं कमी करत गेले. कारणं गेली, गावांची वर्णनं गेली, शेवटी आकडेच तेवढे उरले.

पोस्टर एकदा पक्कं होण्याआधी मुलांची अलीकडची स्थिती पाहावी म्हणून ती वडनेरला गेली. वामनच्या घरापुढे त्याची आई भागीरथा तूर पाखडत होती. दिवाळीनंतर ताप आला, तिने सांगितलं. गाडी मिळेपर्यंत सकाळ झाली आणि पोरगा वाटेतच गेला. सांगताना तिचे हात थांबले नाहीत. मग सूप खाली ठेवून ती म्हणाली, "तुमी त्याचा फोटू काढलता. तो मले द्या. घरात त्याचा एकबी नाई."

नलिनीने आणून देते म्हणून सांगितलं.

"लवकर आणा, बाई. मी इसरून जाईन त्याले."

परत येऊन पाहते तर प्रभाकररावांनी फोटो कागदावर चिकटवला होता आणि डोळ्यांवर शाईची काळी पट्टी ओढली होती. रुग्ण ओळखू येऊ नये म्हणून तशी रीतच होती. त्यांचं काही चुकलं नव्हतं. तिने निगेटिव्ह शोधली. पावसाळ्यात कपाटाला ओल आली होती आणि फिती एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. सोडवायला गेल्यावर वरचा थरच निघून आला. मग तिने स्पिरिटमध्ये कापूस भिजवून पट्टी पुसायचा प्रयत्न केला. शाई निघाली, पण तिच्याबरोबर खालचं चित्रही निघालं. डोळ्यांच्या जागी पांढरा कागद दिसायला लागला.

प्रभाकरराव पूर्वी वर्ध्यात स्टुडिओत होते, गेलेल्या माणसांचे खराब झालेले फोटो रंगवून द्यायचे. फोटोचा फोटो काढू, त्यावर मी डोळे काढून देतो, असं त्यांनी सुचवलं. "फक्त कसे होते ते सांगा, मॅडम."

नलिनीला आठवेना. प्रत्येक भेटीत तिने वामनची खालची पापणी ओढून पाहिली होती. पिवळेपणा किती ते तिला नेमकं सांगता आलं असतं. पण डोळे बारीक होते की टपोरे, त्याची नजर कशी होती, काहीच समोर येईना. शेवटी ती म्हणाली, "लहान मुलाचे असतात तसे काढा."

पोस्टरवर पुन्हा काळी पट्टी आली. मृत्यूच्या रकान्यातला आकडा प्रभाकररावांनी ब्लेडने खरवडला आणि तिथे एकाने मोठा आकडा घातला.

हैदराबादला ती दिवसभर पोस्टरजवळ उभी होती. लोक चहाचे कप घेऊन यायचे, पाहून पुढे जायचे. एक वयस्कर प्राध्यापक मात्र थांबले, हातांची सूज फार स्पष्ट आली आहे म्हणाले, फोटोची प्रत मिळेल का म्हणून विचारलं. नलिनीने नाही म्हटलं. विभागप्रमुखांना ते आवडलं नाही.

आल्यावर ती रंगवलेला फोटो घेऊन वडनेरला गेली. भागीरथाने पदराला हात पुसले, फोटो उजेडात धरला. चंद्रभान, तिचा नवरा, मागून वाकून पाहत होता.

"हात त्याचेच आहेत," भागीरथा म्हणाली. "डोये कोनाचे लावले?"

नलिनीने झालं ते सगळं सांगितलं. पट्टी, शाई, स्पिरिट. भागीरथा ऐकत होती, पण कशावरही रागावली नाही. तिने फोटो परत दिला. चंद्रभानने हात पुढे केला होता, तो त्याने मागे घेतला.

वामनची धाकटी बहीण शेवंता दाराशी खेळत होती. तिचं रक्त तपासणं जरुरीचं होतं, कारण एका घरात दोन मुलांना हा आजार असू शकतो. नलिनीने तसं समजावलं.

"हिले नका टोचू," भागीरथा म्हणाली. "त्याचं रगत नेलं, फोटू नेला. आता राहू द्या."

नलिनी त्यानंतरही दर खेपेला त्या घरी जात राहिली. भागीरथा पाणी द्यायची, शेतीचं बोलायची, पण पोरीला जवळ घेऊन बसायची. उन्हाळ्यात शेवंताचे पाय सुजले तेव्हा चंद्रभानच तिला खांद्यावर घेऊन दवाखान्यात आला. भागीरथा मागे होती. रिपोर्ट आला तेव्हा नलिनीने तो दुसऱ्या कुणाकडून कळवला नाही. वऱ्हांड्यात त्यांच्याजवळ खाली बसून तिने आजाराचं नाव घेतलं आणि रोजच्या गोळ्या कशा द्यायच्या ते सांगितलं.

"पोरगीबी जाईन का?" भागीरथाने विचारलं.

"सांगता येत नाही. पण अंग गरम लागलं की सकाळची वाट पाहू नका. तसंच घेऊन या."

"गाडी नसली तर?"

चंद्रभान म्हणाला, तो कुणाची तरी बैलगाडी आधीच सांगून ठेवेल. भागीरथाने पोरीच्या पायावर लुगड्याचा पदर टाकला आणि गोळ्या कशा द्यायच्या ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.