बंद केलेलं अर्धं मिनिट

सकाळी दहा चाळीसला हॉस्पिटलच्या रक्तपेढीचा सर्व्हर गेला. साडेअकरापर्यंत सिस्टीमवालीने आठ वाजताचा बॅकअप नव्या डिस्कवर चढवला. मशीन चालू झालं; डेटाबेस उघडला नाही. कालचा चढवला. तोही उघडला नाही.

हा सर्व्हर म्हणजे वेगळा खोका नव्हता. तळघरातल्या एका मोठ्या यंत्रात सात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, चालत, त्यांतलं हे एक. बॅकअप म्हणजे चालत्या मशीनचा फोटोच. तो काढण्याआधी डेटाबेसला अर्धं मिनिट लिहिणं थांबवायला सांगायचं असतं, नाहीतर नोंदींची अर्धवट लिहिलेली पानं फोटोत येतात. ही आज्ञा पाच महिन्यांपूर्वी सिस्टीमवालीनेच काढून टाकली होती. 'बॅकअप यशस्वी' हा हिरवा शेरा त्यानंतरही रोज येत राहिला. उघडून कुणी पाहिलं नव्हतं.

दोन वाजता एका बाईंचं ऑपरेशन होतं. त्यांना आधी बरेचदा रक्त दिल्याने अंगात परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली होती, त्यामुळे नुसता गट जुळून भागत नव्हतं. त्यांच्यासाठी तपासलेल्या तीन पिशव्यांचे क्रमांक डेटाबेसमध्ये होते. राखीव पिशवीला चिठ्ठी बांधायची पद्धत सिस्टीम आल्यापासून सुटली होती, आणि फ्रिजमध्ये दोनशे दहा पिशव्या होत्या.

सव्वाबाराला रक्तपेढीची मुख्य तंत्रज्ञ खाली आली. ती सिस्टीमवालीची थोरली नणंद.

"काय गं, अजून किती?"

"ताई, बॅकअप उघडत नाहीये. पाच महिन्यांतला एकही धड असेल असं वाटत नाही. ते थांबणं मी बंद केलं होतं."

नणंद स्टुलावर बसली. "माझी स्क्रीन आठला अडकायची, ते?"

"हो."

"आठला नमुन्यांची रांग लागते आणि तुझं यंत्र डुलकी काढतं, एवढंच म्हटलं होतं मी. त्याने असं होईल हे कुठे बोललीस?"

"तुम्ही नणंद म्हणून सांगितलंत, मी भावजय म्हणून ऐकलं. ऑफिसचं काम म्हणून कुणाला तरी विचारायला हवं होतं."

"घरी कधी इतकं ऐकलं नाहीस."

दोघीही हसल्या नाहीत.

एकच वाट उरली होती: खराब पानं वगळून डेटाबेस जबरदस्तीने उघडायचा. बारा पन्नासला तो उघडला. बाईंचं नाव निघालं. पुढे तीन क्रमांक होते.

तेवढ्यात सर्जनचा फोन आला. "मिळालं ना? मग पाठवा."

स्क्रीनवर सगळं जिथल्या तिथे दिसत होतं. एकशे चौदा पानं गळली होती. त्यांवर काय होतं हे कळायला काहीच उरलं नव्हतं.

"डॉक्टर, क्रमांक दिसतायत. पण त्यांवर विसंबू नका."

"दिसतायत की नाही?"

"दिसतायत. नंतर कुणी बदलले असतील तर मला कळणार नाही."

"पेशंट सकाळपासून उपाशी आहे. आणि तुमचा बॅकअपचा मेल मलाही येतो रोज, हिरवागार."

"तो मेल खोटा होता. चूक माझी आहे."

नणंदेने हात पुढे करून फोन घेतला. "डॉक्टर, मी रक्तपेढीतून. नवा नमुना पाठवा, हाताने जुळवते. चार तास लागतील."

"साडेपाचच्या पुढे थांबणार नाही मी."

"थांबू नका."

पाच वाजून पाच मिनिटांनी तळघरातला फोन वाजला.

"त्या तीनांतल्या दोन जुळल्या," नणंद म्हणाली. "तिसरी दिली असती तर बाई टेबलावरच गेल्या असत्या. तिच्याऐवजी दुसरी मिळाली. आत्ताच वर पाठवल्या."

सिस्टीमवालीने वेळ टिपून घेतली. "मी अहवाल लिहितेय."

"थांबणं का काढलं, तिथे काय लिहिलंयस?"

"मी काढलं, एवढंच."

"रक्तपेढीच्या तोंडी सांगण्यावरून, असं घाल."

"ताई, तुमचं नाव कशाला?"

"घाल म्हटलं ना. मी खाली येते सही करायला."

तिने ते वाक्य घातलं आणि गेल्या आठवड्याचा बॅकअप तरी उघडतो का ते पाहायला घेतलं.