चौदा नंबरची तपासणी

मिल बंद पडली तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. बावीस वर्षं उजेडासमोर कापड धरून दोष शोधणं, एवढंच मला येत होतं. तागा निर्दोष निघाला की त्यावर माझा शिक्का: तपासणी नंबर चौदा. शेवटच्या वर्षी साहेब म्हणाले, रत्नपाल, दोष बघू नकोस, माल जाऊ दे, मिल वाचेल. मी शिक्के मारले. माल परत आला आणि मिल गेलीच. त्याची लाज मला अजून वाटते.

त्र्याण्णव साली इंदुरातच सांवेर रोडच्या एका सर्व्हे कंपनीत नकाशे तपासायला लागलो, महिनाभराच्या बोलीवर. मालक भूषण, तिशीतला इंजिनीअर. नकाशाही काचेखाली दिवा लावूनच तपासतात, म्हणून त्याने मला घेतलं.

काम होतं हिमाचलातल्या एका आडबाजूच्या नदीचं. रस्ता कुठून न्यायचा ते या नकाशावरून ठरणार होतं. आमची टीम मार्चमध्ये मोजून आली होती. नदीकाठी दोन किलोमीटर 'मैदान' लिहिलेलं, आणि त्यावर अठरा ठिकाणी एकच उंची. इतका साफ तागा मिलमध्ये आला असता तर मी आधी संशयच घेतला असता.

सही करणार नाही, असं मी सांगून टाकलं. भूषण वैतागला. नकाशा संध्याकाळी जायचा होता आणि माझा महिनाही आजच भरत होता. घरी बायको, कौसल्या, पक्क्या नोकरीच्या बातमीची वाट बघत होती.

"रत्नपालजी, एक सही का तो सवाल है. उद्यापासून तुम्ही पक्के."

"भूषण भिया, जमीन इतकी सपाट नसते, पाणी असतं. तुमच्या पोरांनी बर्फावर उभं राहून मोजलंय. आपण इंदूरवाल्यांनी बर्फ बघितला कुठे, गोळ्यातच ना?"

तो हसला नाही. मी डबा पिशवीत भरला. सही न करताच उठलो.

मग त्यानेच तिथल्या पोस्टात फोन लावला. पोस्टमास्तर म्हणाले, मे महिन्यात तिथे कमरेइतका चिखल असतो, गुरंसुद्धा कोणी सोडत नाही.

भूषणने नकाशा थांबवला. पक्क्या नोकरीचं काही बोलला नाही, फक्त ब्लेड माझ्यापुढे सरकवलं. मी 'मैदान' खरवडून काढलं आणि दलदलीच्या बारीक निळ्या रेघा मारत बसलो. दोन दिवस लागले. शेवटी सहीच्या जागी हात आपोआप १४ लिहून गेला.

मी ते खोडलं नाही.