दोन खोल्यांची ऊब

शहरालगतच्या स्कोफिल्ड्सचं भाड्याचं घर सोडून आम्ही डोंगरातल्या थंड लिथगो गावात जुनं घर घेतलं, ते कोळशाच्या हीटरसकट. त्याच्यामागे गरम हवा ढकलणारा ब्लोअर आणि तिथून जमिनीखालून हवा नेणारे दोन डक्ट, प्रत्येकाच्या तोंडाशी झडपेची जाळी. एक आमच्या सात वर्षांच्या अनुष्काच्या खोलीत, दुसरा बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या खोलीत.

बाबा सहा महिन्यांसाठी पुण्याहून इकडे परदेशात आले होते. पंधराव्या दिवशी म्हणाले, "मला ही थंडी झेपत नाही. शनिवारी निघतो." माझ्या नवऱ्याचा, यतिनचा चेहराच पडला. आई गेल्यापासून बाबा पुण्यात एकटे राहतात, आणि या वेळी त्यांना कायमचंच ठेवून घ्यायचं त्याच्या मनात होतं.

नवरा इंजिनियर, त्यामुळे दोष मशीनचाच. त्याने ब्लोअर फुल केला. हवा भसाभसा आली, पण कोमट. जाळीशी जेमतेम चौतीस अंश. मी म्हटलं, "अरे, फुंकून चहा गार करतात, तू खोली करतोयस." मग त्याने ब्लोअर अगदी हळू ठेवला. हवेला हीटरपाशी तापायला वेळ मिळाला आणि आकडा पन्नासवर गेला. स्वारी खूश! काम घरूनच, त्यामुळे प्रत्येक ऑनलाइन मीटिंगनंतर थर्मामीटर घेऊन दोन्ही खोल्यांत फेरी. दोन्हीकडे पन्नास, तरी बाबांची खोली गारठलेलीच. शेवटी तो घराखाली सरपटत जाऊन डक्टना ऊब धरणारं अस्तर गुंडाळून आला. काही फरक नाही.

गुरुवारी मी हॉस्पिटलमधून शिफ्ट संपवून आले. यतिन मीटिंगमध्ये होता. चहा घेऊन बाबांच्या खोलीत गेले, तर स्वेटरवर शाल गुंडाळलेले बाबा गुडघ्यांवर बसून जाळीची झडप लावत होते.

"बाबा, हे काय?"

"अनूला सर्दी आहे गं. माझी बंद केली की तिच्याकडे जोरात येते. यतिन यायच्या आत उघडतो मी."

"आणि म्हणून पुण्याला निघालात?"

"मी गेलो की ही लपवाछपवी नको. सगळी ऊब तिलाच."

मला त्यांचा रागही आला आणि मायाही वाटली. मी सरळ अनूच्या खोलीत गेले, तिची झडप लावली आणि तिची गादी फरफटत बाबांच्या पलंगाशेजारी आणून टाकली, म्हणजे दोन्ही खोल्यांची ऊब एकाच खोलीत. थर्मामीटर घेऊन आलेल्या यतिनला सगळं सांगितलं. त्याने बाबांनी लावलेली झडप उघडली आणि तिथेच त्यांच्याजवळ बसून राहिला.

अनू शाळेतून आली. गादी बघून म्हणाली, "बट आजोबा स्नोअर्स!"

"घोरतो ना मी? मग जाऊ का शनिवारी?" बाबांनी विचारलं.

तिने दप्तर खाली टाकलं आणि त्यांच्या गळ्यात हात घातले. "नो! यू कॅन स्नोअर."

बाबांनी बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग चष्मा पुसत म्हणाले, "यतिन, विमानवाल्यांना फोन लाव रे. शनिवारचं रद्द कर."